गावाच्या बाजूची खिडकी

एसटीत कोणत्या बाजूला बसायचं हे मला कुणी शिकवलं नाही, पण मला ते येतं. दुपारच्या गाडीनं घाटनांदूरहून अंबाजोगाईला निघालं की ऊन डाव्या अंगावर येतं, म्हणून उजवी खिडकी धरायची. परत येताना डावी. चाकावरची जागा घ्यायची नाही, गुडघे हनुवटीला लागतात. मागच्या बाकावर तर पोटात कालवतं. आणि गाडी थांब्याला लागायच्या आत पळत जाऊन खिडकीतून आत रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा आपली. त्यावर कलेक्टर आला तरी बसणार नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. बसलाच कुणी तर भांडण होतं, आणि त्या भांडणात सगळी गाडी रुमालाच्या बाजूनं असते.

त्यामुळं ताईंनी जेव्हा विचारलं, "विमानात तुला खिडकी हवी का गं?" तेव्हा मी पटकन हो म्हणाले आणि लगेच विचारलं, "पण कोणत्या अंगाची?"

ताई हातातला फोन खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं विमानानं फिरते, हे मला कधी सुचलं नाही."

ताई म्हणजे चेन्नईत मी ज्यांच्या घरी राहते त्या. मूळच्या लातूरकडच्या, नोकरीसाठी तिकडं गेलेल्या. माझं सासर सुटलं आणि मी माहेरी येऊन बसले, त्या दिवसांत त्यांना बाळंतपणानंतर घरात भरवशाची बाई हवी होती. ओळखीच्या ओळखीनं मला निरोप आला. सातवीतून शाळा सुटलेली, घाटनांदूर-अंबाजोगाईच्या पलीकडचं जग म्हणजे उसाचे फड तेवढे बघितलेले, अशी मी चेन्नईला गेले. पहिला महिनाभर मी रस्ता ओलांडायलासुद्धा घाबरत होते. ते बाळ आता शाळेत जातं आणि मी अजून तिथंच आहे. "तू जेवलीस का?" असं विचारल्याशिवाय ताईंनी एकदाही ताटावर हात धुतला नाही. त्यांचं हे ऋण मी कुठं फेडणार, हे मला अजून कळलेलं नाही.

विमानाचं कारण असं झालं की माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. बहीण संभाजीनगरला राहते, म्हणून बस्ताही तिथंच बांधायचा होता. मावशीशिवाय बस्ता नको, असं नवरी रुसून बसली. ताईंना दोन दिवस रेल्वेत घालवणं पटेना. म्हणाल्या, "विमानानं जा. चेन्नईहून हैदराबाद, तिथून दुसरं विमान, थेट संभाजीनगर. हा माझा लग्नाचा आहेर समज."

मी त्याच संध्याकाळी मायला फोन केला. आमच्याकडं फोन कानाला लावून कुणी बोलत नाही. फोन आला की तो स्पीकरवर टाकून ओट्यावर मधोमध ठेवतात, म्हणजे मी एकटीशी बोलले तरी निम्मी गल्ली ऐकते.

"माय, मी इमानानं येणार हाय," मी म्हणाले.

"अगं बया! कुटं उतरणार?"

"औरंगाबादला. हैदराबादवरून."

मग तिनं असं विचारलं की माझ्या मनातही ते आलं नव्हतं.

"मंग ते सकाळचं घरघर करत जातंया तेच का? थर्मलच्या धुराड्याच्या अंगानं येतंया आन माजलगावाकडं निघून जातंया. लई उंच नसतंय ते. मी रोज बगते की, कापडं वाळू घालताना."

मला माहीतच नव्हतं की माझी माय रोज विमान बघते. परळीचं थर्मल, म्हणजे विजेचं केंद्र, आमच्या गावापासून लांब नाही, धुराडी माळावरून दिसतात. म्हणजे मी ज्यात बसणार ते विमान मायच्या डोक्यावरून जाणार, आणि ती त्या वेळी स्लॅबवर असणार.

एवढ्यात फोनमधून चुलतीचा आवाज आला. चुलती म्हणजे मायची धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लावून घर. "अक्का, डोस्कं फिरलंय का तुमचं? इमानातून माणूस दिसत नसतंय. ढगच दिसतेत नुसते."

"माझ्या लेकीला दिसंल."

"दिसंल! आदी ती इमानात बसंल का ते तर बगू."

ओट्यावर दोघीतिघी हसल्या. मीही हसले. पण मायचा आवाज बदलला होता आणि तो का बदलला ते मला ठाऊक होतं. मी एकटी बाई, सासर सोडलेली, एवढ्या लांब राहते. पिठाच्या गिरणीत चुलती म्हणाली होती, "चेन्नईला मराठी मानसं कुटली आली? कुटं असती, काय करती, कुणी बगितलंय का?" हे मायनंच मला मागं हसत हसत सांगितलं होतं. सांगताना ती एकटीच हसत होती.

"काकू," मी म्हणाले, "तुमी सांगा, काय केलं तर तुमाला पटंल?"

चुलती लगेच म्हणाली, "तुजी माय कुरडया घालणारच हाय. त्या साड्यांवर घालू द्या स्लॅबवर. कोणत्या रंगाच्या साड्या टाकल्या ते तुला कुणी सांगायचं न्हाई. तू वरून बग आन उतरल्यावर फोन करून सांग. बरूबर सांगितलं तर मी गल्लीभर साखर वाटते."

"आन न्हाई सांगितलं तर?" कुणीतरी विचारलं.

माय तेवढी म्हणाली, "सांगंल ती."

मी फोन ठेवला. मायनं गल्लीसमोर शब्द देऊन टाकला होता, आणि तो खरा करायचा होता मला, एका खिडकीतून.

तेव्हापासून बाजू शोधणं हे माझं कामच झालं. ताईंनी फोनवर नकाशा उघडून दिला. मी त्यावर शिवणाचा दोरा ताणून धरला, एक टोक हैदराबादला आणि एक संभाजीनगरला. दोरा धरलेल्या बोटांचा स्पर्श झाला की नकाशा मोठा व्हायचा आणि आम्ही एकदम कुठल्यातरी पेट्रोलपंपावर जाऊन पोहोचायचो. शेवटी ताईंनी नकाशाचा फोटो काढला, मग तो जागचा हलेना. दोरा परळीच्या अंगावरून गेला. आमचं गाव दोऱ्याच्या खालच्या बाजूला पडलं, म्हणजे दक्षिणेकडं.

"मग डावी बाजू," ताई म्हणाल्या.

मला डावं-उजवं असं कागदावरून कळत नाही. आमच्याकडं उगवतीकडं, मावळतीकडं, वढ्याकडं, माळाकडं अशी भाषा. मी स्वयंपाकाच्या ओट्यावर एक वाटी ठेवली, ते हैदराबाद. लांब, तिरक्या रेषेत पिठाचा डबा, ते संभाजीनगर. मधे जरा बाजूला एक लवंग, ते आमचं गाव. मग वाटीकडं पाठ करून डब्याकडं तोंड केलं आणि हात पसरले. लवंग डाव्या हाताखाली आली. पुन्हा केलं. पुन्हा डाव्याच हाताखाली आली. ताईंचा मुलगा शाळेतून आला आणि मी हात पसरून उभी दिसल्यावर तोही शेजारी हात पसरून उभा राहिला.

"आणि ताई, विमान मधेच वळलं तर?"

"बहुतेक सरळच जातं गं."

तो 'बहुतेक' माझ्या मनात जो बसला तो बसला.

बाजू ठरल्यावर दुसरे प्रश्न निघाले. ऊन कुठून येणार? विमान सकाळचं, म्हणजे सूर्य उगवतीला, उजव्या अंगाला आणि जरा मागं. मग डावी खिडकी सावलीत. हे अगदी एसटीसारखंच निघालं आणि मला फार बरं वाटलं. पंख आडवा येणार का? ताईंनी फोटो शोधून दाखवला. हैदराबादहून सुटणारं विमान लहान होतं, पुढं फिरते पंखे असलेलं, आणि त्याचे मोठे पंख खिडक्यांच्या वरून गेलेले होते, घराच्या पडवीसारखे. खाली सगळं मोकळं. फक्त मधल्या जागांवर पंखा आणि चाक नजरेला आडवे येतात. म्हणून ताईंनी मागच्या अंगाची खिडकी धरली. "जागेच्या नंबरातला ए म्हणजे डावीकडची खिडकी. विसरू नकोस."

खिडकीचा एवढा विचार मी करतेय हे मला स्वतःलाच नवल वाटत होतं. पण पुढं आठवत गेलं की हे माझं जुनंच खूळ आहे. लहानपणी माय-बापाबरोबर ऊसतोडीला निघायचो तेव्हा ट्रकवर भांडी, अंथरुणं, चुलीचं सामान आणि त्यावर आम्ही लेकरं. बाकीची पोरं पुढं टपाजवळ जागा धरायची, वारं लागतं म्हणून. मी मागच्या फळीजवळ, गाठोड्यांच्या वर बसायचे. तिथून गाव लहान होत जाताना दिसायचं. आधी घर जायचं, मग लिंब, मग शाळेचा पत्रा, आणि सगळ्यात शेवटी माळावरचं देऊळ. शाळेचा पत्रा आधी जातो आणि देऊळ नंतर, याचं मला फार कुतूहल होतं. देऊळ तर लहान आणि शाळा मोठी. ते उंचावर असतं म्हणून, हे कळायला मला बराच काळ लागला. गुरुजींना विचारलं असतं तर लगेच कळलं असतं, पण त्या दिवसांत आम्ही फडात असायचो.

चेन्नईहून निघालेलं पहिलं विमान मोठं होतं. सगळं लक्ष दुसऱ्या विमानावर दिल्यामुळं पहिल्याची जागा आम्ही बघितलीच नव्हती. ती नेमकी पंखावर आली. चढताना समुद्राची एक चकाकती पट्टी दिसली आणि मग हैदराबादपर्यंत पंख. तोही मी टक लावून बघितला. उतरताना त्याच्या मागच्या कडेतून फळ्या बाहेर आल्या, खाली वाकल्या, आणि मधल्या फटीतून जमीन दिसली. मला वाटलं काहीतरी मोडलं. मी शेजारच्या बाईचा हात धरला. ती तमिळमध्ये काहीतरी समजुतीचं बोलली आणि मी मान हलवली.

हैदराबादला लहान विमानाकडं बसमधून नेलं. शिडी मागच्या दाराला होती. मी भराभर चढले, माझी जागा शोधली, खिडकी स्वच्छ आहे का बघितलं, रुमालानं आतून पुसली आणि तोच रुमाल जागेवर टाकून शौचालयाकडं गेले. भीतीनं मला सारखं जावं लागतं. परत आले तर माझ्या खिडकीशी एक जाडजूड गृहस्थ बसलेले. रुमाल घडी करून समोरच्या कप्प्यात खोचलेला.

"हा रुमाल तुमचा का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. जागा धरली होती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, रुमालाकडं बघितलं आणि असे हसले की पुढच्या रांगेतली माणसं वळली. "बाई, ही एसटी नाही हो!"

"पण नंबर माझाच हाय." मी पास पुढं केला.

"असू द्या की. मी आत शिरून बसलोय आता. तासाभराचा तर प्रश्न आहे, तुम्ही बसा इकडच्या अंगाला."

आजवर जिथं बस म्हणाले तिथं मी बसत आले आहे. तेव्हाही गुडघे वाकायला लागलेच होते. पण ओट्यावर मधोमध ठेवलेला तो फोन डोळ्यासमोर आला.

"न्हाई दादा," मी म्हणाले. "माजं गाव ह्याच अंगाला हाय. माय स्लॅबवर साड्या हातरून बसलीया. मला त्या बगायच्यात."

"साड्या?"

"कुरडयाच्या."

मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "उठा हो, तिची आई बसलीय म्हणते ना." आणि ते उठले. मी खिडकीशी बसले, पट्टा बांधला आणि मग मला रडू आलं. पण खिडकीवर वाफ धरेल म्हणून ते मी गिळलं.

विमान उडालं तेव्हा चाक माझ्या डोळ्यादेखत वर उचललं गेलं आणि पोटात शिरून त्यावर झाकण बसलं. खाली आमच्या विमानाची सावली रानातून पळत होती, विहिरींवरून, पत्र्यांवरून, कुठं अडत नव्हती. सूर्य उजवीकडं म्हणून सावली डावीकडं, म्हणजे माझ्या वाट्याला. हे ताईंनीही सांगितलं नव्हतं. मग ती लहान होत होत हरवली.

चैत्रातलं रान. नांगरलेलं काळं, कापलेल्या ज्वारीचं फिकट, आणि मधे मधे उसाचे हिरवे तुकडे. वरून बांध दिसत होते. ज्या बांधांवरून माणसं जन्मभर बोलत नाहीत ते वरून सुतासारखे होते. नदी ओळखू आली ती पाण्यामुळं नाही, दोन्ही काठांच्या झाडांमुळं. मधे नुसती वाळू.

शेजारचे गृहस्थ बियाण्यांचा धंदा करत होते. थोड्या वेळानं तेच माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. "आलं का गाव?"

"अजून न्हाई."

"काय खूण आहे?"

"थर्मलची धुराडी आदी दिसतील. आन रेल्वेचा रूळ."

रूळ दिसला. डोंगराच्या पोटातून वळत गेलेला, बारीक. मग पुढं धुराडी. आजवर माळावरून लांबून बघितलेली ती धुराडी मी पहिल्यांदाच वरून खाली बघत होते. कपाळ काचेला टेकवलं. रुळापासून माळ धरला, माळावरून पाझर तलाव शोधला. सापडला. अर्धी खाल्लेली भाकरी ठेवावी तसा, एका कोपऱ्याला पाण्याचा ओला डाग. तलावाच्या अलीकडं घरं. तिळासारखी. त्यातल्या काही पत्र्यांवर ऊन चमकलं आणि विझलं.

आमचा स्लॅब कोणता, ते कळेना. साड्या कुठंच दिसेनात. लाल नाही, हिरवी नाही, काहीच नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी बघितलं.

"दिसल्या का?" गृहस्थ.

मी मान हलवली.

आणि मग तलावाच्या पलीकडं, वढ्याच्या काठाला, मला एक निळा चौकोन दिसला. इतका निळा की त्या सगळ्या काळ्या-पांढऱ्या रानात तो कुणी वरून चिकटवल्यासारखा वाटत होता. आमच्या गावात असलं काही नाही. तिथं चुलतीचं पडीक रान आहे, बोरी आणि दगड. म्हणजे मी दुसरंच गाव बघत होते. तसा तलाव काय चार गावांना असतो. माझं गाव मागं गेलं असेल, नाहीतर पुढं असेल, नाहीतर त्या 'बहुतेक'मुळं विमान दुसऱ्याच वाटेनं निघालं असेल. मी मागं वळून बघितलं, पुढं बघितलं. निळा चौकोन मागं सरकला आणि शेपटीच्या मागच्या धुरकट उन्हात गेला.

पुढं एकदम पाणीच पाणी आलं. "माजलगावचं धरण," गृहस्थ म्हणाले. विमान जणू त्या पाण्याच्या कडेनं चाललं होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी ते तोंडात बोट घालून बघितलं असतं. त्या दिवशी मी फक्त हिशेब करत होते की आता मायला काय सांगायचं.

विमानतळाच्या बाहेर बहीण उभी होती. तिला सगळं माहीत होतं. मी काही बोलायच्या आधीच माझा चेहरा बघून ती म्हणाली, "न्हाई ना दिसलं?"

"न्हाई."

"मंग लाल म्हण. मायकडं लाल साड्याच जास्ती हायेत. एक लाल, एक हिरवी म्हण."

मला ते जमलंही असतं. मायची पेटी मी जाणते. पण चुकलं असतं तर मायचं नाक कापलं गेलं असतं, आणि बरोबर आलं असतं तर मी मायच्या डोळ्याला डोळा कसा दिला असता? मी फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. ओट्यावरचा गलका ऐकू आला.

"उतरले माय."

"उतरली! उतरली!" माय कुणाला तरी म्हणाली. "बग, आत्ता घरघर करत गेलतं, मी हात केलता. सांग बाई, काय दिसलं?"

मागं एक कोंबडी तेवढी बोलत होती.

"माय, साड्या न्हाई दिसल्या."

"म्हनलं न्हवतं?" चुलती. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "अक्का, म्हनलं न्हवतं मी?"

"आन माय, मला वाटतंय मी गावच दुसरं बगितलं. आपल्यासारखाच तलाव होता, एका कोपऱ्याला पाणी असलेला. पण त्याच्या पलीकडं वढ्याला लागून निळं निळं चौकोनी काय तरी होतं. आपल्याकडं तसलं काय न्हाई. म्हणून..."

"निळं?" चुलतीनं मधेच विचारलं.

"व्हय काकू. लई निळं."

"केवढं?"

"आपल्या गल्लीपेक्षा मोटं असंल."

मग एक तरणी सून ओरडली, "अगं बया, काकूंचं शेततळं! परवाच तर त्यात कागद हातरला!"

आमच्याकडं शेततळ्यात पाणी मुरू नये म्हणून जाड निळं प्लास्टिक अंथरतात, त्याला कागदच म्हणतात. चुलतीनं पडीक रानात शेततळं खोदायला घेतलं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मायनं तर मुद्दाम नव्हतं सांगितलं. चुलतीची भरभराट मला कळवायची तिला कधीच घाई नसते.

"आमचं शेततळं दिसलं व्हय तुला?" चुलतीचा आवाज असा मऊ मी आयुष्यात ऐकला नव्हता. "वरून?"

"ते तुमचंच असंल तर तेच दिसलं. बाकी काईच न्हाई."

"कोपरे कसे दिसत होते? तिकडचा कोपरा वाकडा आलाय म्हनून मालक रोज डोस्कं खातेत."

"सरळच होते काकू."

"सरळ होते! ऐकलं का गं? इमानातून सरळ दिसतंय!" ती सगळ्यांना सांगायला लागली. मग फोनवर झुंबडच उडाली. माझं घर दिसलं का, आमची विहीर दिसली का, तलावात गाळ किती आहे, देऊळ कसं दिसतं, माणसं हलताना दिसतात का. मी जेवढं दिसलं तेवढं सांगितलं, नाही दिसलं ते नाही म्हणाले. मी विमानात होते की नव्हते, हे आता कुणी विचारत नव्हतं. बहीण बॅग धरून हसत होती.

मायचा आवाज मात्र कुठं नव्हता. शेवटी फोन ठेवताना ती हळूच म्हणाली, "माजं काईच न्हाई दिसलं म्हन की."

बस्ता झाला. त्या दुकानात दोन्हीकडच्या बायका दिवसभर रंगांवरून भांडल्या आणि मी प्रत्येक साडीकडं बघून मनात म्हणत होते, ही दिसली असती का? लग्न गावाकडंच होतं. आम्ही गावाला पोहोचलो तर चुलतीनं खरोखर साखर वाटलेली होती. पण ती शेततळं दिसल्याची साखर आहे असं सांगून.

माय मला हाताला धरून स्लॅबवर घेऊन गेली. कुरडया वाळून डब्यात गेल्या होत्या. तिनं जागा दाखवली. "हितनं हितवर टाकलत्या. दोन लाल, एक पिवळी, आन मदी तुजी शाळेतली पांढरी वढणी."

बहिणीचा अंदाज निम्मा बरोबर होता. मी पांढऱ्या ओढणीचं नाव कधीच घेतलं नसतं.

"माय, आपला अख्खा स्लॅब तिळाएवढा दिसतो तिथून. त्यावर साडी म्हंजी काय?"

मला वाटलं तिला वाईट वाटेल. तिनं खाली वाकून हातानं स्लॅब झाडला, जणू तो तिळाएवढा आहे हे तिला हातानं तपासायचं होतं. मग म्हणाली, "मंग तिचं शेततळं कावून दिसलं?"

"ते मोटं हाय. आन निळं. रानात निळं दुसरं काय असतंय?"

"म्हंजी माप आन रंग."

"व्हय."

"परत जाताना कोणत्या अंगाला बसणार तू?"

"उजव्या. हैदराबादला जाताना गाव उजवीकडं येतं."

लग्न पार पडलं, हळद उतरली, आणि माझ्या निघायच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात खरखर आवाज आला. बाहेर येऊन बघते तर चुलती आणि माय, दोघी मिळून निळ्या कागदाची भली मोठी गुंडाळी जिन्यावरून वर ओढत होत्या. शेततळ्याचा उरलेला तुकडा होता. चुलती पुढं, माय मागं, आणि दोघींचं तोंड चालू.

"अक्का, हितं आडवा टाका. पोरीची नजर तिकडनं येणार."

"तुला काय ठावं तिची नजर कुटनं येणार? तिनं मला सांगितलंय, उजव्या अंगानं."

"तेच की! उजव्या अंगानं म्हंजी हितनंच."

"वाऱ्यानं उडालं तर?"

"दगडं ठिवू चार कोपऱ्याला. माज्या स्लॅबवर बी टाकू उरलेला, लागून लागून. मोटं दिसंल." चुलतीनं कमरेवर हात ठेवून आभाळाकडं मान वर केली, जणू मी आत्ताच विमानात होते. "ए पोरी, नीट बग मातर. पंखाच्या जागंवर बसू नको. सांग तुज्या त्या ताईंना, मागची खिडकी धरा म्हनावं, आमच्या पोरीला."

मी खाली उभी होते. दोघी वरून मला विचारत होत्या, कागद सरळ आलाय का तिरका, आणि मी खालून हात पसरून त्यांना डावं-उजवं दाखवत होते.